उकंडरावांना गहू चढला

"आजपासून या घरात भाकर बंद!"

उकंडरावांनी ही घोषणा अंगणात उभं राहून केली. बायकोला सांगायची गोष्ट चुलीपाशी सांगता येते. पण मग ती फक्त बायकोलाच ऐकू जाते! उकंडरावांना ती रस्त्यापलीकडच्या पुंजाजीला ऐकवायची होती. पुंजाजी ओट्यावर बसून बिडी पेटवत होता. ऐकता ऐकता त्याची काडी पार बोटापर्यंत जळत आली.

"बंद म्हंजे?" तानुबाईंनी आतून विचारलं.

"बंद म्हंजे बंद! सकायी पोयी, संध्याकायी पोयी. जवारी आता बैलाले टाक."

"अन् बैलाच्या वाटचा कडबा कोनं खाचा?"

उकंडरावांनी या प्रश्नाकडे दुर्लक्ष केलं. मोठ्या घोषणा करणाऱ्यांना ते करावंच लागतं.

घाटाखालच्या पळसखेडात तेव्हा पोळी ही रोज दिसणारी वस्तू नव्हती. भाकर रोजची. पोळी सणाची, नाहीतर जावयाची. कुणाच्या घरातून पोळीचा वास आला की शेजारीण हातातलं काम टाकून विचारायची, "पाव्हने आले काय वं?" अशा गावात उकंडरावांनी विहिरीवर इंजन बसवलं, ग्रामसेवकानं आणून दिलेलं मेक्सिकन गव्हाचं बुटकं बी पेरलं आणि सगळ्या गावाचं हसू ओढवून घेतलं. गव्हाचं रोप काही मांडीच्या वर जाईना! "उकंडराव, गहू पेरला का कोथिंबीर?" असं पुंजाजीनं बांधावरून रोज विचारायचं आणि उकंडरावांनी रोज ऐकून घ्यायचं. पण ओंब्या भरल्या तशी लोकांच्या तोंडाला कुलपं लागली. माजघर पोत्यांनी असं भरलं की देवापुढे दिवा लावायला तानुबाईंना डोंगर चढून जावं लागे. तालुक्याच्या प्रदर्शनात पहिला नंबर आला. शाल मिळाली. भर चैत्रात ती शाल पांघरून उकंडराव गावभर हिंडले! अंगभर घामोळं उठलं, पण शाल उतरली नाही.

"मक्शी गहू हाये!" ते सांगत. मेक्सिकन हा शब्द त्यांच्या जिभेवर तेवढाच बसला होता. "सात समुद्रापलीकडून आला. म्या पिकवला. अन् म्याच भाकर खाऊ? दुनिया काय म्हनन!"

दुनिया म्हणजे पुंजाजी.

आता उकंडराव मूळचे कसे होते, ते सांगितलं पाहिजे. बढाई सोडली तर माणूस थंड. किती थंड? एकदा बाजाराहून येताना गाडीचं चाक निखळलं आणि गाडी नाल्यात कलंडली. दुसरा कोणी असता तर चाकाच्या, सुताराच्या आणि नाल्याच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या. उकंडरावांनी बैल सोडले, वाळूत पटका उशाला घेतला आणि घोरायला लागले!

तर असा हा माणूस पोळीवर आला. थोडे दिवस लोटले आणि पोट नगाऱ्यासारखं फुगलं. तोंडात फोड आले. तेवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. शेतकऱ्याचं पोट ते, दुखतं, ओवा चावला की राहतं. पण झोप गेली. आणि झोपेपाठोपाठ खुद्द उकंडरावच कुठं तरी निघून गेले.

पहिला तडाखा इंजनाला बसला. ते सुरू होईना म्हणून उकंडरावांनी त्याला चपलेनं हाणलं. चप्पल तुटली. मग चपलेवर चिडले! घरी आले तर ताटातली पोळी जराशी करपलेली. एरवी तानुबाईंनी कोळसा वाढला असता तरी खाल्ला असता. आज डोळ्यांतून टपटप पाणी!

"माह्याच नशिबी काऊन करपली?"

"अवो, तव्यानं करपली. नशिबाचा काय संबंध?"

"हाव, तू तव्याचीच बाजू घेशीन!"

दुसऱ्या दिवशी पुंजाजी खोकला. सकाळच्या बिडीनंतर तो जन्मभर खोकत आला होता. उकंडराव तरातरा रस्ता ओलांडून गेले.

"काऊन खोकलला बे?"

"खोकला आला म्हून."

"मले पाहूनच काऊन आला?"

पुंजाजी आ वासून पाहत राहिला, आणि आ वासल्यामुळे पुन्हा खोकला!

ग्रामपंचायतीत कोंडवाड्याच्या पडक्या भिंतीवर चर्चा चालली होती. सरपंचांनी विचारलं, "उकंडराव, तुमचं मत काय?" उकंडराव उठले. "माह्यं मत या गावात कोनी ईचारतच नाई!" म्हणाले आणि हुंदके देत खाली बसले. आत्ताच विचारलं होतं, हे सांगायचा धीर कुणाला झाला नाही. कोंडवाड्याची भिंत बाजूला राहिली आणि सगळे पंच मिळून उकंडरावांना पाणी पाजत बसले.

गावात ज्याचं त्याचं निदान तयार होतं. पुंजाजीची बायको पुष्पाबाई म्हणाली, नजर लागली. तिनं मीठ-मिरच्या उतरवून टाकल्या. कुणी म्हणालं, इंजनाचा धूर डोक्यात गेला. पुंजाजी म्हणाला, "त्याले शाल चढली!"

"तुमाले काय होऊन राह्यलं हो?" तानुबाई विचारत.

"मले? मले काई नाई झालं! गावाले झालं!"

इथपर्यंत गाव हसत होतं. पण आषाढातल्या एका दुपारी तानुबाई जेवण घेऊन शेतात गेल्या, तर बैल औताला जुंपलेले तसेच उभे, आणि उकंडराव विहिरीच्या काठावर पाय आत सोडून बसलेले. पण बाई ओरडली नाही. डोक्यावरची दुरडी खाली ठेवली आणि हळूच जवळ जाऊन बसली.

"काय पाहून राह्यले?"

"काई नाई."

"मंग असे काऊन बसले?"

उकंडराव खाली पाण्याकडे पाहतच म्हणाले, "तानू, मले काईच गोड लागत नाई वं. पेरनं नाई, बैल नाई, घर नाई. डोक्यात आभाय उतरल्यावानी वाटते. सकायी उठाव त कायले उठाव, हेच समजत नाई."

लग्नानंतर या माणसानं त्यांना पहिल्यांदाच 'तानू' म्हटलं होतं. आणि म्हटलं तर अशा वेळी! तानुबाईंनी त्यांचा दंड घट्ट धरला.

"मले एकटीनं बैल सुटत नाई. म्हून उठा."

ही शुद्ध थाप होती. तानुबाई एका हातानं बैल सोडत आणि दुसऱ्या हातानं बांधत. पण उकंडराव उठले.

त्याच आठवड्यात तानुबाईंनी त्यांना एसटीत बसवून लोणारला लेकीकडे, बेबीताईकडे धाडलं. जागा बदलली तर मन बदलेल, एवढाच हिशेब. बेबीताईची सासू रुखमाबाई मोठी खमकी. पहिल्याच जेवणाला तिनं उकंडरावांच्या ताटात भाकर टाकली.

"मी भाकर खात नाई, इहीनबाई. मी मक्शी गव्हाचा शेतकरी हाओ."

"आमच्या घरी पोयी दिवायीले होते, इवाईबुवा. तवरोक थांबता?"

उकंडराव बाणेदारपणे उपाशी उठले. बाणा दुपारभर टिकला. संध्याकाळी भाकर, चुलीवरचं बेसन आणि कांदा असं समोर आलं तेव्हा त्यांनी मान खाली घालून जे खायला सुरुवात केली, ते रुखमाबाईनं टोपलं उचलून नेईपर्यंत थांबले नाहीत!

पंधरवड्यात माणूस पालटला. फुगलेलं पोट बसलं. फोड गेले. सरोवराच्या काठावर जाऊन येणाऱ्याजाणाऱ्याला गव्हाच्या गोष्टी सांगायला लागले. झोप तर अशी परतली, की बेबीताईनं आईला निरोप धाडला, "बाबा बरे झाले. आता न्यायले ये. यांच्या घोरन्यानं आमी बिमार पडून राह्यलो!"

उकंडराव घरी आले ते नेमके पोळ्याला. तानुबाईंचा आनंद काय विचारता! त्यांनी पुरणपोळ्यांची चवड लावली. उकंडरावांनी रोज बेसन-भाकर खाल्ल्याचा सूड उगवावा तसं दोन्ही हातांनी खाल्लं.

आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ते कोठ्यात, म्हणजे गोठ्यात, बैलाच्या गळ्यात पडून ओक्साबोक्शी रडत होते!

"काल बाशिंग, झूल, वाजागाजा... अन् आज पुन्हा दावं! असं नशीब राजा तुह्यं!"

बैल शांतपणे रवंथ करत होता. त्याला काही वाटत नव्हतं. संध्याकाळपर्यंत उकंडराव पुंजाजीच्या बैलाशी भांडून आले. "माह्या बैलाकडे तिरपा पाह्यते!" असा त्यांचा आरोप होता.

तानुबाई परातीपुढे बसल्या होत्या. कणकेनं भरलेले स्वतःचे हात त्यांनी वर करून पाहिले. लोणार, भाकर, घोरणं. पळसखेड, पोळी, रडणं. त्यांनी कणिक तशीच सोडली आणि बाहेर आल्या.

"अवो, मले त वाटते तुमाले गहू चढते."

"गहू काय दारू हाये काय चढाले?" उकंडराव कडाडले. "माह्या गव्हाले नावं ठेवतं? प्रदर्शनात पहिला नंबर आलेल्या गव्हाले?"

"उद्या खामगावले जाचं. डॉक्टरकडे."

"मी येत नाई!"

आले. तानुबाईंनी शाल लपवून ठेवली होती. डॉक्टरकडे याल तरच मिळेल, असा सौदा होता.

खामगावचे डॉक्टर चोपडे म्हणजे शांत माणूस. त्यांनी पोट दाबलं, जीभ पाहिली, डोळ्यांच्या पापण्या ओढून पाहिल्या. मग तानुबाईंची सगळी कहाणी विहिरीपासून बैलापर्यंत ऐकून घेतली. हसले नाहीत. विहिरीचं पुन्हा एकदा विचारलं.

"बाई, तुमचं म्हणणं सोडून देण्यासारखं नाही," ते म्हणाले. "काही माणसांच्या पोटाला गहू सोसत नाही, हे माहीत आहे. मनावरही त्याचा परिणाम होत असावा, असं आता काही डॉक्टर म्हणायला लागलेत. पक्कं मला सांगता येणार नाही. पण गहू सोडून पाहायला काय हरकत आहे? आणि उकंडराव, पुन्हा तसं आभाळ उतरल्यासारखं वाटलं तर लाजू नका. तडक इकडे या."

"म्हंजे माह्या गव्हात खोट हाये?"

"गव्हात खोट नाही, तुमच्यातही नाही. दोघांचं जमत नाही, इतकंच. काही सोयरिकी जुळतच नाहीत."

"पन गाव काय म्हनन, डॉक्टर? गव्हाचा पहिला नंबर अन् घरात भाकर!"

"मग गावाला दिसेल असं खाऊ नका!" डॉक्टर गमतीनं म्हणाले आणि पुढच्या रोग्याला हाक मारली.

इथंच घोटाळा झाला. डॉक्टरांनी थट्टा केली, आणि उकंडरावांनी ती औषधासारखी घेतली!

दसऱ्यापासून त्यांचा नवा क्रम सुरू झाला. दुपारी ओट्यावर ताट घेऊन बसायचं. ताटात पोळी. पुंजाजीला ऐकू जाईल असं म्हणायचं, "वा! काय पोयी हाये! लोनी झालं लोनी!" आणि तुकडा मोडून अलगद ओट्याखालच्या मोत्या कुत्र्याला टाकायचा. मोत्या ढोलासारखा झाला. त्याला भुंकायचाही कंटाळा यायला लागला. मग उकंडराव उठायचे, इकडेतिकडे पाहायचे, धोतराच्या सोग्याखाली काहीतरी झाकून कोठ्यात शिरायचे आणि दार आतून लावून घ्यायचे. आत दोन बैलांच्या मधे बसून भाकर, ठेचा, कांदा! थोड्या वेळानं बाहेर यायचे ते तोंड पुसत, डोळे पाणावलेले, चेहरा हसरा, आणि समोर दिसेल त्याला रामराम घालत.

पुंजाजी हे रोज पाहत होता.

त्या काळी राज्यात दारूबंदी होती. आता तुम्हीच सांगा, चोरून कोठ्यात शिरणारा, दार लावणारा आणि तोंड पुसत हसत बाहेर येणारा माणूस पाहून पुंजाजीला काय वाटावं? त्याला सगळं मागचंही उलगडलं. ते रडणं! ती भांडणं! ते बैलाच्या गळ्यात पडणं!

"हातभट्टी!" त्यानं पुष्पाबाईला सांगितलं. "पहिले पेऊन रडे, आता पेऊन हासते. म्हंजे सवय झाली त्याले. कोनाले सांगू नको."

पुष्पाबाईनं कुणालाही सांगितलं नाही. फक्त नदीवर धुणं धुताना जेवढ्या बायका होत्या तेवढ्यांना सांगितलं. आणि खात्री करून घ्यावी म्हणून तानुबाईंनाच गाठलं.

"तानुबाई, खरं सांगजा. तुमच्या घरच्याईले रोज लागते म्हनं?"

तानुबाई दचकल्या. भाकरीचं बिंग फुटलं! आता लपवून काय उपयोग?

"हाव माय. दोन्ही टाइम लागते. तुमाले कसं समजलं?"

"अन् तुमी चालू देता?"

"डॉक्टरनंच सांगतली! जवापासून सुरू केली तवापासून कसे हासून बोलून राह्यतात. पन कोनाले सांगू नका बाई, त्याईले लाज वाटते."

बायकांनी कपडे आपटायचे थांबवले.

"किती घेते?"

"सकायी दोन, संध्याकायी दोन. थंडीत तिसरीबी जाते."

"अन् तुमी वं?"

"मीबी घेतो ना त्याईच्यासंगं! ठेच्यासंगं लय गोड लागते. या एक दिवस, तुमालेबी देतो!"

पुष्पाबाईच्या हातून लुगडं सुटून नदीत वाहत गेलं. तिला ते पुढच्या वळणावर दिसलं, पण पाय हलेनात!

गोष्ट पोलीस पाटील किसनरावांच्या कानावर गेली. किसनराव उकंडरावांचे लांबचे भाऊबंद. त्यांना हे धरपकडीचं लचांड नको होतं. पण पुंजाजी पिच्छा सोडेना. शेवटी किसनराव म्हणाले, "रंगेहाथ सापडला तरच धरीन. तू नजर ठेव."

पुंजाजीला दुसरं काम होतंच काय!

माघात उकंडरावांचा गहू पुन्हा टरारून आला. बुलढाण्याहून शेतकी खात्याचे मोठे साहेब पीक पाहायला येणार, असं ठरलं. शेत पाहायचं, मग उकंडरावांच्या अंगणात पंगत, मागच्या सालच्या मक्शी गव्हाच्या पोळ्या आणि साहेबांच्या मांडीला मांडी लावून जेवणाऱ्या शेतकऱ्याचा फोटो! उकंडराव आनंदानं हवेत तरंगत होते. मग फोटोत आपण काय खाताना दिसणार, हे ध्यानात आलं आणि धपकन खाली आले.

"काई भेव नाई," तानुबाई म्हणाल्या. "जवारीच्या पिठाची उकड काढतो, अन् तुमच्यापुरत्या पोयीवानी लाटतो. कोनाले समजत नाई."

त्यांनी तशा लाटल्या. पातळ, मऊ, पांढऱ्याशुभ्र. वेगळ्या दुरडीत ठेवून वर फडकं झाकलं. वाढायला शेजारच्या बायका आल्या होत्या, त्यांत पुष्पाबाई. मक्शी गव्हाच्या पोळ्या जरा लालसर. पुष्पाबाईनं फडकं उचललं, पांढरी चवड पाहिली आणि मनाशी म्हणाली, 'साहेबासाठी येगळ्या केल्या दिसते!' तिनं दुरडी उचलली आणि थेट साहेबांपुढे जाऊन उभी राहिली.

साहेबांनी घास घेतला आणि डोळेच मिटले.

"वा! हा नवा गहू! मंडळी, मी हा डोळे मिटून ओळखतो. काय मऊपणा! काय गोडी! ज्वारीच्या भाकरीला जन्मात येईल का ही गोडी?"

सगळ्यांनी माना हलवल्या. उकंडरावांनी आपल्या पत्रावळीकडे पाहिलं. तिथं लालसर, खरीखुरी, मक्शी पोळी तूप लावून पसरली होती. त्यांनी दारात उभ्या तानुबाईंकडे पाहिलं. तानुबाईंनी कपाळाला हात लावला.

"अहो, तुम्ही खात का नाही?" साहेब म्हणाले.

"उपास हाये."

"आज? कसला?"

"गव्हा... गजानन महाराजाचा!"

"तो तर गुरुवारी. आज मंगळवार."

"म्या... म्या उसना केला!"

साहेब खो खो हसले. "थट्टा पुरे! फोटोवाले, या पुढं. उकंडराव, घास तोंडापाशी न्या बरं."

उकंडरावांनी घास उचलला. तूप बोटांवरून ओघळलं. सगळं गाव पाहत होतं. एका घासानं काय होतंय, असं कुणालाही वाटलं असतं. पण घास ओठाशी आला आणि उकंडरावांना ती विहीर आठवली. ते आत सोडलेले पाय. कशालाच चव नसलेली ती दुपार. त्यांनी घास खाली ठेवला.

"इंजन पाहून येतो," म्हणाले आणि उठून थेट कोठ्यात पळाले! आत जाऊन दार लावायचंही भान राहिलं नाही. पोटात सकाळपासून कण नव्हता. कोनाड्यातलं फडकं सोडलं, भाकर मोडली, पहिला मोठा घास तोंडात कोंबला. तोच...

"हात वर!"

दारात किसनराव. त्यांच्या मागे पुंजाजी, टाचा उंचावून. उकंडरावांनी हात वर केले. एका हातात भाकर, दुसऱ्यात कांदा!

"बाटली कोठी हाये?" किसनराव गरजले.

"उम् उम्..."

"पाहा! बोलतासुदीक येत नाई!" पुंजाजी म्हणाला. "इतकी झाली त्याले!"

"तोंडाचा वास घेतो. मार फुंक!"

उकंडरावांनी जी फुंक मारली, तिच्यात ताजा कांदा होता, लसूण होता आणि तानुबाईंनी खलबत्त्यात कुटलेल्या हिरव्या मिरचीचा ठेचा होता. किसनराव मागे कोलमडले. डोळ्यांतून धारा लागल्या. "लय जहाल हाये!" एवढंच त्यांना म्हणता आलं. त्यांनी तशाच मिटल्या डोळ्यांनी उकंडरावांचा दंड धरला आणि मुद्देमालासकट त्यांना अंगणात आणलं. खरं म्हणजे उकंडरावांनीच त्यांना धरून आणलं, कारण किसनरावांना काही दिसत नव्हतं!

पंगत थबकली. साहेबांचा हात पांढऱ्या पोळीवर तसाच राहिला.

"काय प्रकार आहे हा?"

"साहेब, हा मानूस रोज कोठ्यात लपून..." पुंजाजीनं फडकं हिसकावून सगळ्यांपुढे झटकलं. दोन भाकरी, ठेच्याचा गोळा आणि अर्धा कांदा खाली पडला.

कुणीतरी खुदकन हसलं. मग दुसरं. हसू पंगतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत गेलं. गव्हाचा पहिला नंबर, आणि कोठ्यात लपून भाकर!

उकंडरावांनी तोंडातला घास गिळला. इतके दिवस ज्या घडीला भ्यायले, ती येऊन समोर उभी राहिली होती. आणि गंमत म्हणजे आता त्यांना भीती वाटेना!

"हाव!" ते एवढ्या मोठ्यानं म्हणाले की मोत्यासुद्धा उठून बसला. "भाकर खातो! लपून खाल्ली, थेच चुकलं! मले गहू सोसत नाई. पोटाले नाई, अन् डोक्याले त बिलकुल नाई. गहू खाल्ला का मले रडू येते, राग येते, झोप येत नाई. विहिरीवर जाऊन बसलो होतो मी, ठाऊक हाये तुमाले? हासा आता! हे बाई नसती त..." त्यांनी तानुबाईंकडे बोट केलं. "अन् तरी गहू मी पेरीनच! पुढच्या साली याच्यापरीस जास्त पेरीन! वऱ्हाडात घरोघर कापूस पिकते, कोनी कापूस खाते काय? गहू माह्या शेतात राहीन, पहिला नंबरबी मीच आनीन, पन माह्या ताटात भाकरच राहीन! ज्याले हासाचं त्यानं पोटभर हासून घ्या!"

त्यांनी खाली वाकून भाकर उचलली, धूळ झटकली आणि भर अंगणात, भर पंगतीत, साहेबांच्या मांडीला मांडी लावून बसून चावायला लागले. फोटोवाल्यानं नेमका तोच फोटो काढला.

हसणं विरलं. एक म्हातारबा मान डोलावून म्हणाले, "खरी गोठ हाये. मले दूध सोसत नाई, मी कधी सांगतलं काय?"

साहेब मात्र विचारात पडले होते. "उकंडराव, तुम्हाला गहू चालत नाही, हे ठीक. पण मग या पंगतीत तुम्ही काय खाणार होता?"

तानुबाई पुढे आल्या. "थ्या जवारीच्या पोया, साहेब. ज्या तुमी खाल्ल्या."

साहेबांनी पत्रावळीकडे पाहिलं. डोळे मिटून ओळखणारे साहेब आता डोळे उघडून बराच वेळ पाहत राहिले. मग कुणाकडेही न बघता म्हणाले, "आणखी एक वाढा."

पुंजाजी अजून कोपऱ्यात उभा होता. चेहरा पार पडला होता.

"म्हंजे दारू नाई?"

"नाई!"

"थेंबबी नाई?"

"नाई बे!"

"इतके दिवस नजर ठेवली लेका," पुंजाजी कळवळून म्हणाला. "मले वाटे, धरला का आपल्यालेबी घोटभर देईन!" किसनरावांनी एक डोळा कसाबसा उघडून त्याच्याकडे पाहिलं, तसा तो पत्रावळी उचलायला पळाला.

त्यानंतर उकंडराव भाकर ओट्यावर बसून खायला लागले, तीही उंच धरून, रस्त्यावरच्या एसटीतूनसुद्धा दिसावी अशी. त्यांची झोप टिकली, पोट टिकलं. मात्र गावाला एक नवीनच सोय झाली. ज्याला त्याला गहू चढायला लागला! उधारी मागायला आलेल्याशी भांडलं, गहू चढला. शाळेत मास्तर खेकसले, गहू चढला. कुणी सासूला उलटून बोलली, गहू चढला!

एका सकाळी पुंजाजी बायकोवर अख्ख्या आळीला ऐकू जाईल असा गरजला. मग घाईघाईनं म्हणाला, "रागावू नको वं, मले गहू चढला."

"गहू?" पुष्पाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली. "घरात दिवायीपासून गव्हाचा दाना नाई! कोठून चढला?"

समोरच्या ओट्यावर उकंडरावांना असं हसू फुटलं, की भाकरीचा घास घशात अडकला. तानुबाईंनी पाणी आणून दिलं, पाठीवर दोन धपाटे घातले आणि शांतपणे म्हणाल्या,

"हासा, हासा. पन आज सकायी पानी तापाले उशीर झाला, म्हून तुमी मले केवढे वरडले! तुमी त दसऱ्यापासून भाकरीवर हाये. मंग थे कायनं चढलं?"

उकंडरावांनी हातातली भाकर उलटून पाहिली, सुलटून पाहिली. तिच्यात दोष काढायला जागाच नव्हती.

"थे होय?" ते खाली पाहत पुटपुटले. "थे... थे मी सोताच हाओ."